लाजाळू खुर्ची आणि पाच गिगाहर्ट्झ

२ सप्टेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. पदवीधर माणसानं आपले विचार लिहून ठेवले पाहिजेत, नाहीतर त्याच्यात आणि इतरांत फरक काय? इतर म्हणजे आई-बाबा. पण हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे वाईट वाटायचा प्रश्न नाही.

ॲनिमेशन स्टुडिओच्या बाईंची मेल आली. नोकरीसाठी परीक्षा द्यायची आहे. एक लाजाळू खुर्ची दारातून खोलीत येते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. वीस सेकंदांची फिल्म. मुदत ३० सप्टेंबर. एवढ्या नावाजलेल्या स्टुडिओला खुर्ची सुचावी! मला वाटलं होतं, निदान समुद्र तरी सांगतील.

मावशी दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथली रिसेप्शनची जागा तिनं डॉक्टरांना सांगून माझ्यासाठी अडवून ठेवली आहे, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तशी. स्टुडिओचं जमलं नाही तर ऑक्टोबरपासून मी तिथे बसायचं. म्हणजे चार वर्षं शिकून शेवटी लोकांना विचारायचं, कुठला दात? जीव गेला तरी हे होणार नाही.

संकल्प: उद्यापासून खुर्ची.

३ सप्टेंबर
खुर्ची सुरू करण्याआधी थोडा मूलभूत विचार केला. वीस सेकंद म्हणजे जवळजवळ पाचशे चित्रं. त्यातलं प्रत्येक कॉम्प्युटरनं रंगवून बाहेर काढायचं. माझा डेस्कटॉप एकेका चित्राला इतका वेळ घेतो की तेवढ्यात बाबा गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण लावून देतात. अशा मशीनवर कला कशी जन्मणार? म्हणून आधी मशीन. मशीन एकदा पळायला लागलं की खुर्ची काय, दोन दिवसांचं काम.

ओव्हरक्लॉकिंग करायचं ठरवलं. जेवताना आई-बाबांना सोप्या भाषेत समजावलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, कंपनी त्याला जो वेग ठरवून देते त्यापेक्षा जास्त वेगानं त्याला पळवायचं. बाबा म्हणाले, कंपनीला जास्त पळवता येत असता तर तिनंच नसता का पळवला? मी म्हटलं, बाबा, कंपनी घाबरट असते. बाबा म्हणाले, मग ठीक.

आईला खुर्चीबद्दल सांगितलं, तर तिनं हातातला घास तसाच ठेवला आणि विचारत बसली, खुर्ची कशाला लाजते? नवी आहे का? तिला कुणी हसलंय का? त्या खोलीत आधी कुणी बसलंय का? मी म्हटलं, आई, ते शेवटी टाकायचं असतं. आधी लाकूड, मग कापड, मग उजेड, मग लाज.

४ सप्टेंबर
भव्य यश. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ. सकाळी ४.२ केला, मशीननं हूं की चूं केलं नाही. दुपारी ४.५. आता स्पष्ट दिसतं की इतकी वर्षं हा प्रोसेसर निव्वळ आळस करत होता.

४.७ ला स्क्रीन निळी झाली आणि सगळं गोठलं. म्हणजे काहीतरी आडवं येतंय. तेवढं शोधून काढायचं. संशयित पाच: उष्णता, व्होल्टेज, मेमरी, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा. पद्धत शास्त्रीय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. कॉलेजात हे एक वाक्य मला मनापासून पटलं होतं. परीक्षेत विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी.

ध्येय: पाच गिगाहर्ट्झ. आकडा गोल आहे, लक्षात राहतो.

६ सप्टेंबर
मेमरीचा वेग मुद्दाम कमी करून पाहिला. ४.७ ला पुन्हा निळी स्क्रीन. मेमरी निर्दोष सुटली.

खुर्चीचंही काम केलं, कुणी म्हणायला नको. गादीच्या कापडाला खरे धागे दिले. लाखो. बाबांना हाक मारून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, वा, आडवा-उभा धागा दिसतोय. मग म्हणाले, पण ही हलत का नाही? म्हटलं, एवढे धागे घेऊन हलायला पाच गिगाहर्ट्झ लागतात. बाबांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाला सांगितलं की मुलीचं काम धाग्याच्या पातळीवर चाललंय.

पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकाम चालतं. ट्रायलच्या आरशाशेजारी माझ्या पदवीची फ्रेम लावली आहे. प्रत्येक गिऱ्हाईक कंबर मोजून घेताना ती वाचतं. वाचावंच लागतं, मान तिकडेच होते.

८ सप्टेंबर
व्होल्टेज वाढवलं. ४.७ चाललं! ४.८ पण! मग तापमान शंभरावर गेलं आणि प्रोसेसरनं स्वतःच्या मनानं वेग पार तीनच्या खाली आणला. जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला असा हळू होतो. भित्रा कुठला.

तरीपण निष्कर्ष लख्ख आहे: गुन्हेगार उष्णता. प्रोसेसरवर कंपनीचा जो कूलर आहे, तो म्हणजे पंखा बसवलेली बाटलीच्या बुचाएवढी वस्तू. मोठा कूलर पाहिजे.

कॉम्प्युटरच्या पार्टवाल्याकडे गेले. हा मनुष्य मोठा तत्त्वज्ञ आहे. त्याच्या मते तुमच्या मशीनची अडचण नेहमी तीच वस्तू असते, जी त्याच्या दुकानात आज आलेली असते. आज कूलर आले होते, म्हणून आमचं एकमत झालं.

१० सप्टेंबर
कूलर म्हणजे काय सांगू! दोन मनोरे, मध्ये पंखा, नळ्या. आईनं खोकं उघडताना विचारलं, यात भात होतो का?

तळाला पत्रा इतका चकचकीत की त्यात चेहरा दिसतो. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक होतं, लाल अक्षरांत काही छापलेलं. ते तसंच राहू दिलं. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक कुणी काढत नाही. टीव्हीच्या रिमोटवर आहे, फ्रिजच्या हँडलवर आहे, सोफ्यावर आहे आणि बसलं की कुरकुरतं. बाबांच्या घड्याळावरचं पिवळं पडलं, तरी बाबा त्यातून वेळ बघतात. मी पुरोगामी असले तरी काही संस्कार चांगले असतात. वस्तू नवी राहते.

दुपारी बसवला. ४.५ ला तापमान शंभर.

म्हणजे छोट्या बुचापेक्षा वाईट! दोनदा करून पाहिलं. तेच.

सायंकाळी
डोकं शांत ठेवून विचार केला. इतका मोठा कूलर लावूनही उष्णता गेली नाही, म्हणजे उष्णता हा मूळ दोषच नव्हे. उष्णता हे लक्षण आहे. असा विचार सामान्य माणसाला सुचत नाही. उरले मदरबोर्ड आणि वीजपुरवठा. मदरबोर्ड म्हणजे सगळं ज्यावर बसतं ती पाटी, ती बदलायला सगळं उकलावं लागेल, म्हणून आधी वीज.

११ सप्टेंबर
बाबांची वाफेची इस्त्री! ती तापायला लागली की दिवा क्षणभर मंद होतो. इतके दिवस शत्रू घरातच होता.

दुपारी बारा ते चार इस्त्री बंद ठेवायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. बाबा म्हणाले, अगं, कपडे काय मांडीखाली घेऊन बसू? मी म्हटलं, वीसच दिवसांचा प्रश्न आहे, त्यानंतर आयुष्यभर इस्त्री करा. बाबा हसले आणि म्हणाले, बाईसाहेबांचा हुकूम. मग त्यांनी खरंच कोट पाटाखाली दाबून त्यावर कापडाचे तागे रचले.

४.५ ला तापमान शंभर.

१२ सप्टेंबर
फ्रिज बंद. मिक्सर बंद. ४.५ ला शंभर.

१३ सप्टेंबर
छताचा पंखा बंद. तापमान चार मिनिटं आणखी लवकर चढलं, पण अतिशय स्थिरपणे चढलं. याचा अर्थ विजेचा प्रवाह सुधारतोय. योग्य मार्गावर आहे.

दूध नासलं. आईनं तसं सांगितलं नाही, फक्त चहा काळा दिला.

१४ सप्टेंबर
दुपारी गोगलगाय आली. माझ्याच वर्गातली मुलगी, हे नाव मी ठेवलेलं. चार वर्षांत तिनं एकही काम मुदतीच्या आत केलं नाही, मुदतीच्या दिवशी मात्र नेहमी द्यायची. तीही स्टुडिओची परीक्षा देते आहे. तिच्याकडे तिच्या मामाचा जुना लॅपटॉप आहे, ज्याची दोन बटणं काडीनं दाबावी लागतात. मला इतकी दया आली की तिला काहीच बोलले नाही. फक्त गिगाहर्ट्झ, व्होल्टेज आणि प्रोसेसरच्या पिढ्या समजावून सांगितल्या. ती म्हणाली, बापरे, मी तर अजून खुर्ची आत कशी येईल यातच अडकले आहे. मी म्हटलं, दारातून.

मग मशीनची टेस्ट सुरू होणार होती, म्हणून तिला स्वयंपाकघरात बसवलं. तिथून हसण्याचे आवाज. बघायला गेले तर आई दारात उभी. एका पायाचा पंजा दुसऱ्या पायावर, पदराचं टोक बोटाभोवती, आत बघते आणि कुणी बघितलं की लगेच भिंतीकडे बघते. मग भिंतीला खांदा घासत, सगळ्यांत लांबच्या वाटेनं कोपऱ्यात. गोगलगाय जमिनीवर बसून डोळे पुसत म्हणत होती, काकू, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. आई म्हणाली, अगं, शाळेच्या पहिल्या दिवशी आमच्याकडची एक अशीच उभी होती, बाईंनी नाव विचारलं तर दप्तरावर छापलेलं नाव सांगितलं.

मी दोघींना शांत राहायला सांगितलं. जमिनीच्या कंपनानं कूलरवर परिणाम होऊ शकतो.

१६ सप्टेंबर
नवा विचार. माणसाचं शरीर उष्णता बाहेर टाकतं. एक माणूस म्हणजे सतत चालू असलेला एक मोठा बल्ब. घरात माझ्याशिवाय असे दोन बल्ब फिरत असतात. (उष्णता हा मूळ दोष नाही, हे मी दहा तारखेला सिद्ध केलं आहे. पण शास्त्रज्ञानं हट्टी असू नये.)

आई-बाबांना दुपारी गॅलरीत बसायला सांगितलं. दोघं बसली. समोरच्या काकूंनी ओरडून विचारलं, काय हो, भांडण झालं का? घराबाहेर का? बाबा ओरडले, नाही, मुलीचा अभ्यास चाललाय. काकू म्हणाल्या, ती पास झाली ना? बाबा म्हणाले, हा त्याच्या पुढचा आहे.

४.५ ला शंभर. पण अठ्ठ्याण्णववर बराच वेळ रेंगाळलं होतं. मला तसं वाटलं तरी.

१८ सप्टेंबर
मावशीचा फोन. मॅडम, डॉक्टर विचारतायत, आणखी एक मुलगी आली आहे, काय सांगू? म्हटलं, सांग की मी येणार नाही. मावशी म्हणाली, तू नाही म्हण, मी थांबा म्हणते. आणि फोन ठेवला. घरातल्या बायकांना माझ्या भविष्यावर जराही विश्वास नाही.

स्टुडिओच्या बाईंचीही मेल आली. कसं चाललंय, काही कच्चं झालं असेल तर पाठवा, नुसते राखाडी ठोकळे असले तरी चालतील, रंग-रेंडरिंगची काळजी करू नका, ते आमच्या मशीनवर होतं.

मला त्यांची कीव आली. दर्जा असा घसरतो. मी उत्तर दिलं की अर्धवट काम पाठवण्यात मला रस नाही, मी मुळापासून जाते आहे. दोन ओळी जास्तच चांगल्या जमल्या. आईला वाचून दाखवल्या. आई म्हणाली, पण त्या म्हणतात ते पाठव ना. हिला कोण सांगणार!

२० सप्टेंबर
दुपारी मशीनमधून वास आला. गरम रबरासारखा. आई म्हणाली, दूध उतू गेलं की काय, पण दूध घरात नाही. मशीन बंद करून कूलर काढला.

तळाचं प्लॅस्टिक वितळून आक्रसलं होतं. लाल अक्षरं मात्र शाबूत. लिहिलं होतं: बसवण्यापूर्वी काढा.

म्हणजे दहा दिवस पत्रा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये प्लॅस्टिक होतं.

याविषयी मला एवढंच म्हणायचं आहे की ही सूचना अतिशय लहान अक्षरांत होती. बोटाएवढ्या.

दुसरं असं की प्रयोग वाया जात नसतो. इस्त्री, फ्रिज, मिक्सर, पंखा आणि आई-बाबा हे प्रोसेसरला अडवत नाहीत, हे आता कायमचं सिद्ध झालं. जगात दुसऱ्या कुणी हे इतक्या काटेकोरपणे तपासलं असेल असं वाटत नाही.

घरात प्लॅस्टिकबद्दल बोलले नाही. सांगितलं की एक अडथळा होता, तो दूर केला. बाबांनी विचारलं, आता इस्त्री लावू का? मी म्हटलं, लावा. त्यांनी इतक्या घाईनं प्लग लावला की बोट चिमटलं.

२१ सप्टेंबर
पाच गिगाहर्ट्झ!!! तापमान ऐंशीच्या आत. तासभर टेस्ट, एकही चूक नाही. बाजूला इस्त्री वाफा सोडतेय, फ्रिज घरघरतोय, पंखा फिरतोय, आई-बाबा दोघंही घरात. मशीनला त्याचं काही नाही.

गॅलरीतून ओरडून समोरच्या काकूंना सांगावंसं वाटलं. बाबांनी सांगितलंच.

संकल्प: उद्यापासून फक्त खुर्ची.

२३ सप्टेंबर
पाच झालं तर ५.१ का नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. डोकं मोकळं नसेल तर कला होत नाही, म्हणून तो आधी सोडवायला घेतला.

२४ सप्टेंबर
५.१ होत नाही. व्होल्टेज वाढवा, कमी करा, मेमरी हळू करा, काहीही करा. तापमान व्यवस्थित, वीज व्यवस्थित, तरी निळी स्क्रीन. दिवसभर वाचलं. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेल्या प्रोसेसरच्या चिपाही सारख्या नसतात म्हणे. एखादी जन्मतःच थोडी कमी पळते. तिला काहीही लावा, एका जागी ती थांबते, आणि त्यात कुणाचा दोष नसतो.

मला हे काही पटलेलं नाही. पार्टवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मदरबोर्ड बघायला पाहिजे. आजच आलेत.

नाही म्हटलं. वेळ कमी आहे. पाचवर भागवून घेईन. माणसानं समाधानी असावं.

२६ सप्टेंबर
खुर्ची हातात घेतली. तयार आहे: शिसवी लाकूड, लाखो धागे, खिडकीतून तिरपा उजेड, उजेडात धूळ. दृष्ट लागावी अशी. आता फक्त लाजायचं बाकी.

खुर्ची दारातून आणली आणि कोपऱ्यात नेली. दोन मिनिटांचं काम. मोटारगाडी पार्क केल्यासारखी दिसते. मग वेग कमी केला. आता गाडीचं पेट्रोल संपल्यासारखी दिसते. मध्ये थांबवली. बिघडली असं वाटतं. मागे नेली, पुढे आणली. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, ही काही विसरली आहे का?

म्हटलं, आई, प्लीज.

२८ सप्टेंबर
लाजेवर वाचन केलं. मेंदूत काय होतं, रक्तवाहिन्यांत काय होतं, माकडं लाजतात का. भरपूर माहिती जमली. आई दोनदा दारात येऊन काहीतरी दाखवू का म्हणाली. दोन्ही वेळा मी वाचत होते.

दुपारी अचानक सुचलं! लाजताना चेहरा लाल होतो. खुर्चीला चेहरा नाही, पण पाठ आहे. कोपऱ्यात पोचल्यावर पाठीच्या लाकडावर गुलाबी छटा. अगदी हलकी. इतकी साधी युक्ती कुणालाच सुचली नसेल.

२९ सप्टेंबर
रेंडरिंग! पाच गिगाहर्ट्झनं जे काही केलं ते बघत राहावं असं होतं. बाबांनी शेजारी स्टूल ओढून सगळं बघितलं. एकेक चित्र पटापट बाहेर पडत होतं आणि ते म्हणत होते, शाबास, शाबास. मला म्हणत होते की मशीनला, ते कळलं नाही.

मुदतीच्या एक दिवस आधी फिल्म पाठवली. गोगलगाय अजून काडीनं बटणं दाबत असेल. मन भरून आलं. तिच्यासाठी शुभेच्छांचा मेसेज टाकला.

३० सप्टेंबर
मावशीचा फोन. डॉक्टरांना तीन तारखेपर्यंत थांबवलं आहे म्हणाली. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, असंच. थांबवायची सवय आहे मला, असं म्हणाली.

३ ऑक्टोबर, दुपारी
स्टुडिओच्या बाईंनी स्वतः फोन केला. बोलायला फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, तुमची खुर्ची सुंदर आहे, धूळ तर फारच छान. मग विचारलं, ती गुलाबी का होते? मी म्हटलं, लाजते. त्या म्हणाल्या, अच्छा. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, मागे कुणीतरी हीटर लावला आहे.

मी त्यांना पाच गिगाहर्ट्झबद्दल सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, मेहनत दिसते, पण आम्हाला खुर्ची आत येताना तिला काय वाटतं ते बघायचं होतं. रंगवायला आमच्याकडे मशीनं आहेत, वाटायला नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, धूळ आवडली. आई म्हणाली, हो ना, धूळ छानच होती.

बाबा गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेत होते. तेच माप त्यांनी पुन्हा घेतलं.

संध्याकाळी मावशीला मीच फोन केला. तिनं कशाला, का, कसं, काहीच विचारलं नाही. उद्या नऊला ये, केस बांधून ये, एवढंच म्हणाली. हे सगळं तात्पुरतं आहे. स्टुडिओला मी कळत नाही तोपर्यंत.

५ ऑक्टोबर
रविवार. गोगलगाय आली. तिला नोकरी लागली. मला आनंदच झाला. खरंच झाला. थोड्या वेळानं झाला.

आईसाठी तिनं फुलं आणली होती. माझ्यासाठी का नाही, ते कळलं नाही. तिची फिल्म बघू म्हटलं. माझ्या मशीनवरच लावली, तिच्या लॅपटॉपवर ती अडकत अडकत चालते. माझ्याकडे अर्थातच लोण्यासारखी चालली.

खुर्ची म्हणजे चार काड्या आणि दोन राखाडी ठोकळे. धागा नाही, उजेड नाही, खोलीला भिंती म्हणून नुसत्या रेघा. ती दारात येते. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवते. आत बघते आणि लगेच भिंतीकडे बघते, जणू काही भिंतच बघायला आली होती. मग सगळ्यांत लांबच्या वाटेनं, भिंतीला खांदा घासत कोपऱ्यात जाते. बसण्याआधी मागे बघते, आपल्याला कुणी बघितलं का म्हणून. आणि कुणीच बघितलेलं नसतं. तिथे संपते.

बाबा खो खो हसले, मग त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावलं. आईनं तोंडावर पदर धरला होता. मी म्हटलं, ठीक आहे, पण टेक्श्चर नाही. मग पुन्हा एकदा लावली. ती खुर्ची मला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. तसं बोलले तेव्हा गोगलगायीनं आईकडे बघितलं आणि आईनं माझ्याकडे. आई म्हणाली, माझ्या ओळखीची अशी एक आहे. कोण ते विचारलं तर म्हणाली, चहा टाकते, आणि गेली.

८ ऑक्टोबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
दवाखान्यात पाच दिवस झाले. मधला रविवार धरून. काम अत्यंत निर्बुद्ध. सकाळपासून लोक येत असतात. दारात थबकतात. आत येऊ का परत जाऊ, अशा विचारात हँडल धरून उभे राहतात. एक धिप्पाड गृहस्थ चप्पल काढायच्या निमित्तानं इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं पाठ धरली. एक बाई माझ्याशी न बोलता आधी फिशटँकशी बोलल्या. काल एक आजोबा आले, सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडून अगदी शेवटच्या खुर्चीत टोकावर टेकले, आणि नाव पुकारल्यावर आपण ते नव्हेच असं दाखवून छताकडे बघत राहिले. दिवसभर हेच. बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही.

मान वर करायचीही गरज पडत नाही. मी माझी स्क्रीन बघत असते. तिथला कॉम्प्युटर इतका मंद आहे की पेशंटचं नाव टाकून उत्तर यायच्या आत पेशंट उठून निघून जातो. आज मावशीचं लक्ष नसताना झाकण उघडून आत डोकावले. एवढासा पंखा.

आईनं विचारलं, जमतंय ना गं तिथे?

म्हटलं, माझं काय, मला काहीही जमतं. मशीन कमी पडतंय.